सहलीचा निबंध आणि दिवसभराची रिक्षा



जानेवारीत सहली आटोपल्या की वर्गावर्गात एकच निबंध येतो. 'आमची सहल' किंवा 'मी पाहिलेले ऐतिहासिक स्थळ'. गेल्या वर्षी आठवीच्या ३८ वह्या मी तपासल्या. त्यांतल्या २२ वह्यांत एक वाक्य अक्षरशः सारखं होतं : 'लेण्यांतील शिल्पवैभव पाहून आम्ही थक्क झालो.' आधी हसू आलं, मग लाज वाटली. एक तर आमची बस लेण्यांपर्यंत पोहोचलीच नव्हती. उशीर झाला म्हणून आम्ही थेट जेवणाच्या ठिकाणी गेलो होतो. आणि दुसरं म्हणजे ते वाक्य माझंच होतं. याच ब्लॉगवर मी टाकलेल्या नमुना निबंधातलं.

मुलांवर रागावण्याचा मला अधिकार नव्हता. पहाटे पाचला निघून रात्री अकराला परत, मध्ये सहा ठिकाणं. प्रत्येक ठिकाणी उतरा, रांग करा, मोजणी, शिट्टी, फोटो, पुन्हा बसमध्ये. रांगेतल्या मुलाला दिसते ती पुढच्या मुलाची पाठ. त्याने निबंधात लिहायचं तरी काय? मग तो नमुना उतरवतो आणि आपण त्याला दहापैकी सात गुण देतो.

या दिवाळीच्या सुट्टीत मला याचं उत्तर थोडंसं सापडलं. तेच आज मांडते. पटलं नाही तर जरूर सांगा.

माझा मुलगा पाचवीत आणि भाची आठवीत. दोघांना घेऊन मी छत्रपती संभाजीनगरला गेले. रेल्वे स्टेशनबाहेर दिवसभरासाठी एक रिक्षा ठरवली. गाइड वेगळा केला नाही. रिक्षावाले काका म्हणाले, "ताई, वीस वर्षं हेच करतोय. दाखवतो पण आणि सांगतो पण." मी एकच अट घातली : तीनच ठिकाणं पाहायची, आणि मुलं म्हणतील तिथे थांबायचं.

भडकल दरवाजा

आमचं पहिलं थांबणं भडकल दरवाजापाशी. काकांनी रिक्षा बाजूला लावली. हा दरवाजा मलिक अंबरने मुघलांवरच्या विजयाची आठवण म्हणून १६१२ मध्ये बांधला. मलिक अंबर मूळचा आफ्रिकेतला हबशी. लहानपणी गुलाम म्हणून विकला गेला आणि पुढे निजामशाहीचा वजीर झाला. भातवडीच्या लढाईत, १६२४ मध्ये, शहाजीराजे त्याच्याच बाजूने लढले होते. हे आपण वर्गात शिकवतो, पण मुलाच्या डोक्यात मलिक अंबर म्हणजे धड्याखालच्या प्रश्नातलं एक नाव असतं. माझा मुलगा कमानीकडे मान वर करून बघत राहिला आणि म्हणाला, "गुलामाने एवढं मोठं बांधलं?" वर्गात हा प्रश्न मला कुणी कधी विचारला नव्हता.

तिथेच भाचीने विचारलं, "या शहराला नावं तरी किती?" आम्ही रिक्षात बसूनच यादी केली. आधी खडकी नावाचं गाव. १६१० मध्ये मलिक अंबरने तिथे राजधानी वसवली. त्याच्या मृत्यूनंतर, १६२६ मध्ये, मुलगा फत्तेखान याने फत्तेहनगर हे नाव दिलं. १६५३ मध्ये औरंगाबाद. आणि २०२३ पासून छत्रपती संभाजीनगर. नावावरून मोठी माणसं तावातावाने बोलतात. मुलांनी मात्र चारही नावं सनावळीसह शांतपणे वहीत उतरवली. प्रत्येक नावामागे कुणीतरी होता आणि त्याला काहीतरी सांगायचं होतं, एवढं त्यांना कळलं. पाचवी-आठवीच्या वयाला मला तेवढं पुरेसं वाटतं.

पाणचक्की

पाणचक्कीला मुलगा अडून बसला. भिंतीच्या वरून पाणी धो धो हौदात पडतं, ते बघून त्याचा प्रश्न : "मोटर कुठाय?" मोटर नाही म्हटल्यावर त्याचा विश्वासच बसेना. पाणी वर चढवलं कुणी?

मी समजावायला तोंड उघडलं, तेवढ्यात काकांनी विचारलं, "घराचं बांधकाम पाहिलंस का कधी? गवंडी पाणसळ लावतो ती?" मुलाने पाहिली होती. आमच्या शेजारी बांधकाम चालू आहे. पाणी भरलेली पारदर्शक नळी घेऊन गवंडी एक टोक या भिंतीला धरतो, दुसरं त्या भिंतीला. दोन्हीकडे पाणी सारख्याच उंचीवर थांबतं. काका म्हणाले, "तेच इथं. पलीकडं डोंगरात झरा आहे, तो उंचावर. तिथून जमिनीखालच्या बंद नळातून पाणी येतं. खाली उतरलं तरी या टोकाला ते पुन्हा वर चढायला बघतं. वर चढलं की खाली पाडायचं, पडताना ते चाक फिरवतं, चाकावर जातं."

'पाणी समान पातळी राखते' हे वाक्य मी विज्ञानाच्या तासाला किती वेळा फळ्यावर लिहिलं असेल! पाणसळीचं उदाहरण मला एकदाही सुचलं नाही. या पाण्यावर फिरणाऱ्या जात्यावर पूर्वी बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्यात येणाऱ्या लोकांसाठी दळण दळलं जाई. समोरच्या मोठ्या हौदाचा तळ म्हणजे खालच्या दालनाचं छत आहे, हेही काकांनीच दाखवलं. त्या एका जागी आमचा सव्वा तास गेला. शाळेच्या सहलीत आम्ही तिथे वीस मिनिटं थांबलो होतो, आणि त्यातली दहा मोजणीत गेली होती.

बीबी का मकबरा आणि एक वजाबाकी

आता खरी गोष्ट. मकबऱ्याकडे जाताना काकांनी त्यांची ठरलेली कथा सुरू केली. औरंगजेबाच्या बेगमची, दिलरस बानूची ही कबर. मुलाने आईसाठी बांधली, आजमशहाने. काम दहा वर्षं चाललं, १६५१ ते १६६१. ही माहिती काकांनी मनाने रचलेली नव्हती. याच सनावळ्या आणि हेच नाव पुष्कळ ठिकाणी छापलेलं आढळतं. मीही वर्गात हेच सांगत आले होते.

निघण्यापूर्वी मी भाचीला एक काम दिलं होतं : आपण जे पाहणार आहोत, त्यातल्या माणसांचे जन्म-मृत्यू वहीत लिहून आण. तिने वही उघडली आणि बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "आत्या, दिलरस बानू वारली १६५७ ला. मग कबर सहा वर्षं आधी कशी सुरू केली? आणि आजमशहा जन्मला १६५३ ला. म्हणजे काम सुरू झालं तेव्हा तो जन्मलाच नव्हता, आणि संपलं तेव्हा तो आठ वर्षांचा होता!"

रिक्षात क्षणभर शांतता. मला वाटलं, काकांना राग येईल. ते मोठ्याने हसले. म्हणाले, "बेटा, वीस वर्षांत हजारो लोक बसवले असतील या सीटवर. वजाबाकी कुणी केली नाही. मीपण नाही."

मग आम्ही तिघं-चौघं मिळून त्यावर बोललो. काम राणीच्या मृत्यूनंतर, औरंगजेबाच्या काळात आणि त्याच्या आज्ञेने झालं असावं आणि आजमशहाचा संबंध नंतरच्या देखरेखीशी असावा, हे जास्त पटण्यासारखं आहे. पण माझ्यासाठी महत्त्वाचं उत्तर हे नव्हतं. छापलेलं वाक्यही तपासता येतं, आणि त्यासाठी तिसरी-चौथीतली वजाबाकी पुरते, हे एका आठवीच्या मुलीला स्वतःच्या अनुभवातून कळलं. इतिहास शिकवायचा तो आणखी कशासाठी?

मकबऱ्यातही काकांनी एक गोष्ट दाखवली. खालचा भाग संगमरवरी, वर घुमटाच्या खालपर्यंत काळा बेसॉल्ट दगड आणि त्यावर गिलावा, आणि घुमट पुन्हा संगमरवरी. नीट पाहिलं की चकाकी कुठे थांबते ते दिसतं. बांधकामाचा खर्च ६,६८,२०३ रुपये ७ आणे सांगितला जातो. मुलांनी लगेच ठरवलं, 'बादशहाचेपण पैसे संपले होते.' ते बरोबर की चूक, हा पुढचा अभ्यास. प्रवेशद्वारावरच्या लेखात अताउल्ला हा वास्तुरचनाकार आणि हंसपत राय हा अभियंता अशी नावं आहेत. बादशहाचं नाव सगळ्यांना पाठ असतं. बांधणाऱ्याचं नाव दारावर कोरलेलं असूनही आपण ते वाचत नाही.

रिक्षाच का?

माझं म्हणणं रिक्षाच्या तीन चाकांबद्दल नाही. रिक्षाने मला बसपेक्षा तीन गोष्टी जास्त दिल्या. एक, मूल 'थांबा' म्हणालं की थांबता येतं. दोन, बाजू उघड्या असतात, त्यामुळे दोन स्थळांच्या मधलं शहरही दिसतं : बाजार, खाम नदी, घरांमध्ये दडलेली तटबंदी. तीन, आणि सगळ्यांत मोठी, समोर एक माणूस असतो, त्याला प्रश्न विचारता येतो आणि त्याच्या उत्तरावर शंकाही घेता येते. माइकवरून बोलणाऱ्या गाइडला चाळीस मुलांतलं एक मूल 'कशावरून?' असं विचारत नाही.

शंका येणार, त्याही घेते.

'वर्गाला तेरा रिक्षा करायच्या का?' नाही. शाळेची सहल बसनेच जाईल. पण सहाऐवजी दोन ठिकाणं ठेवणं आपल्या हातात आहे. दहा-दहाचे गट, प्रत्येक गटाला एक शिक्षक आणि एक प्रश्न, एवढं तर जमेल. आणि कुटुंबाने मात्र ही रिक्षाची सहल एकदा तरी करावी.

'रिक्षावाले काहीही सांगतात.' सांगतात, खरं आहे. ऐकीव गोष्टी, दंतकथा, सगळं मिसळून. म्हणूनच मुलांना घरून थोडी तयारी करून न्या. दंतकथेलाही नाक मुरडू नका. वहीत दोन रकाने करा : 'ऐकलं' आणि 'तपासलं'. आमच्या वह्यांत पहिला रकाना भरला आणि दुसरा अर्धा रिकामा राहिला. तो घरी येऊन भरायचा.

'दुकानात नेऊन उभं करतात.' हेही होतं. हिमरू आणि पैठणीच्या दुकानांत गिऱ्हाईक नेलं की चालकाला काहीतरी मिळतं. त्यात लपवण्यासारखं काही नाही, पण निघतानाच स्पष्ट बोलावं. दिवसाचं भाडं, थांबण्याचा वेळ, जेवण, दुकान, सगळं आधी ठरवा. आम्ही हिमरूचा माग पाहिला, खरेदी केली नाही, आणि काकांनी तोंड वाकडं केलं नाही.

सुरक्षेबद्दल एकच सांगते : रिक्षात प्रवासी तीनच. 'लहान मुलं आहेत, बसतील पाच-सहा' हे शाळेच्या रिक्षांत रोज चालतं, ते सहलीत तरी करू नका. आणि एक फायद्याची गोष्ट : पुरातत्त्व खात्याच्या संरक्षित स्मारकांत १५ वर्षांखालील मुलांना तिकीट लागत नाही.

ज्यांना दूर जाणं परवडत नाही त्यांनी मन लहान करू नये. आपल्याच तालुक्यात एखादी बारव, गढी, वेस किंवा जुना पूल असतोच. सोबतीला गावातला एखादा जाणता माणूस घ्या. रिक्षा नसेल तर पायी जा.

सुट्टी संपल्यावर दोघांनाही मी निबंध लिहायला सांगितला. मुलाने जेमतेम एक पान लिहिलं, तेही सगळं पाणचक्कीवर. शुद्धलेखनाच्या चुका भरपूर. पण 'थक्क झालो' कुठेच नव्हतं. त्याने लिहिलं होतं, 'मी मोटर शोधली. ती नव्हती.' भाचीच्या निबंधाचं पहिलंच वाक्य होतं, 'आमच्या काकांची वजाबाकी चुकली, पण पुस्तकाचीपण चुकली.' आता अशा निबंधाला आपण किती गुण देणार? नमुन्यात बसत नाही म्हणून कापणार, की पाहिलंय म्हणून देणार? माझ्या मते या वर्षीच्या वह्या तपासताना आपल्या प्रत्येकाला याचं उत्तर द्यावं लागेल.

माझ्यापुरतं मी ठरवलंय. 'मी पाहिलेले ऐतिहासिक स्थळ' हा माझा नमुना निबंध मी इथून काढून टाकला आहे. त्याच्या जागी पाच प्रश्न ठेवलेत :

१. तू कुठे सगळ्यांत जास्त वेळ थांबलास आणि का?
२. तिथे तुला काय कळलं नाही?
३. तू कुणाला विचारलंस?
४. त्यांनी काय सांगितलं?
५. ते खरं आहे हे तू कसं तपासलंस?

या पाचांची उत्तरं सलग लिहिली की निबंध होतो. भाषा साधी असेल, म्हणी नसतील, शेवट 'अविस्मरणीय' नसेल. पण तो त्या मुलाचा असेल. तुमच्या वर्गात करून पाहा आणि एखाद्या मुलाचं एक तरी वाक्य मला जरूर कळवा.