मोटारीचा पंखा केव्हां फिरावा ?

गेल्या वैशाखांत एके पहाटे सौभाग्यवतीच्या छातींत कळ येऊं लागली. तिला सानगडीहून साकोलीस डॉक्टरांकडे तातडीनें न्यावयाचें ठरलें. जुनी मोटार दारांतच उभी होती. परंतु किल्ली फिरवितांच नुसता ‘टक्’ असा आवाज झाला. बॅटरी रिकामी ! शेवटीं शेजाऱ्यांच्या गाडीनें गेलों आणि ईश्वरकृपेनें दुखणें पित्ताचें निघालें. परंतु दारांत खोळंबलों ती घटका मी विसरलों नाहीं. कारण दोष माझ्याच अज्ञानाचा होता. वाचकांपैकीं कोणावर तसा प्रसंग येऊं नये, म्हणून या महिन्यांत हाच विषय घेतला आहे.

पूर्वींच्या ॲम्बॅसेडरसारख्या मोटारींत पंखा इंजिनालाच पट्ट्यानें जोडलेला असे. इंजिन फिरे तोंवर पंखा फिरे. १९८३ सालीं मारुती ८०० आली. तिच्यांत इंजिन आडवें बसविलेलें असल्यामुळें पंखा विजेवर चालविणें सोयीचें झालें. विजेचा पंखा हवा तेव्हांच फिरतो. मात्र ‘हवा तेव्हां’ म्हणजे केव्हां, हें त्यास कोणीतरी सांगावें लागतें. तें काम उष्णता ओळखणाऱ्या स्विचाचें.

आमचा तो स्विच बिघडला होता. “किती अंशांचा बसवूं, गुरुजी ?” असें मिस्त्रीनें विचारलें. आमच्या भंडारा जिल्ह्यांत उन्हाळ्यांत पारा ४५ अंशांपर्यंत चढतो; तेव्हां जितकें थंड तितकें बरें, अशा समजुतीनें मीं सांगितलें, “सर्वांत कमी अंशांचा बसव.” त्यानें ७५ अंशांवर चालू व ७० वर बंद होणारा स्विच बसविला, आणि तार थेट बॅटरीस जोडली.

येथेंच चूक झाली. इंजिनांत थर्मोस्टॅट नांवाची एक झडप असते. ती बहुधा ८२ अंशांच्या सुमारास उघडूं लागते. तोंवर तापलेलें पाणी रेडिएटरकडे फारसें जातच नाहीं. इंजिनांतील पाणी ८२ च्या खालीं उतरूं न देणें हेंच तिचें काम. मग ७० अंशांची वाट पाहणारा पंखा थांबणार कसा ? शिवाय इंजिन बंद होतांच पाण्याचा पंपही थांबतो. पंखा रेडिएटरांतील पाणी निववीत राहतो, पण स्विच जेथें बसला आहे तेथील इंजिनांतलें पाणी तापलेलेंच असतें. आमची बॅटरी आधींच जुनी. ती रात्रींतून संपली.

यावरून नियम असा निघतो. स्विच इंजिनाच्या बाजूस असेल, तर पंखा सुरूं होण्याचा अंक थर्मोस्टॅटच्या अंकाहून दहा-पंधरा अंशांनीं अधिक, म्हणजे ९५ च्या आसपास असावा. बंद होण्याचा अंक त्याहून पांच-सात अंशांनीं कमी, परंतु थर्मोस्टॅटच्या अंकाहून अधिकच असावा. दोहोंत अंतर न ठेविल्यास पंखा क्षणोक्षणीं चालू-बंद होऊन लवकर झिजतो. स्विच रेडिएटरच्या खालच्या नळीपाशीं असल्यास तेथें पाणी निवून आलेलें असतें. म्हणून कांहींसा कमी अंक घ्यावा.

९५ हा आंकडा ऐकून गृहिणींनीं भिऊं नये. रेडिएटरचें झाकण कुकरच्या झाकणाप्रमाणें दाब धरतें. म्हणून आंतील पाणी शंभर अंशांस उकळत नाहीं. म्हणूनच इंजिन गरम असतां तें झाकण उघडूं नये. पाणी अंगावर उसळतें. आणि बाहेर ४५ अंश असतां ७० अंशांच्या पाण्यापेक्षां ९० अंशांचें पाणी आपली उष्णता अधिक सहज सोडतें. उष्ण प्रदेशांत थंड अंक निवडणें म्हणजे पंख्यास व्यर्थ राबविणें होय.

बाजारांत अंक बदलण्याची फिरकी असलेले नियंत्रकही मिळतात. तें काम जाणत्या मिस्त्रीकडून, इंजिन तापवून व तापमापक लावून करवावें, अंदाजानें नव्हे. पंख्यास बरीच वीज लागते, म्हणून स्विचावर सगळा भार न टाकतां मध्यें रिले व फ्यूज अवश्य असावा. नव्या मोटारींत हा सर्व निर्णय संगणक करितो. तेथें आपण हात घालूं नये.

दुरुस्ती झाल्यावर हें सारें मीं मोठ्या उत्साहानें घरांत समजावून सांगितलें. सौभाग्यवतीनें शांतपणें ऐकून घेतलें आणि म्हणाली, “अहो, ‘प्रश्न पुरता वाचा, मग उत्तर लिहा’ असें जन्मभर मुलांना सांगत होतां. मिस्त्रीनें विचारलें, तेव्हां कोठें गेलें होतें तें ?”

यावर माझ्यापाशीं उत्तर नव्हतें.