दहा मिनिटांचा हिशेब

माध्यमिक शालान्त परीक्षेचे दिवस जवळ आले, की महाराष्ट्र राज्य माध्यमिक व उच्च माध्यमिक शिक्षण मंडळाकडून सूचनांची एक लांबलचक यादी प्रसिद्ध होते. विद्यार्थ्याने केव्हा यावे, काय आणावे, काय आणू नये, आणि कोणत्या अपराधास कोणते शासन होईल, हे सारे तीत असते. २०२५ च्या परीक्षेस १६ लाखांहून अधिक विद्यार्थ्यांनी नावे नोंदविली होती आणि केंद्रांची संख्या पाच हजारांवर होती. एवढा मोठा व्याप शिस्तीवाचून पार पडणार नाही, हे कोणीही सुज्ञ मनुष्य मान्य करील. या यादीस आमचा मुळीच विरोध नाही. किंबहुना परीक्षेपूर्वी आठवडाभर ती घराघरांत मोठ्याने वाचली जावी, असेच आम्हांस वाटते. आमचे म्हणणे एवढेच, की ही यादी एकाच बाजूने लिहिलेली आहे. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाने परीक्षेच्या दिवशी काय आणावे, हे आपण त्यास पुनःपुन्हा बजावतो. परंतु त्याच दिवशी पालकांनी, शाळांनी, मंडळाने आणि शासनाने काय आणावयाचे, याची यादी कोण करणार?

प्रथम विद्यार्थ्याची बाजू पाहू. त्याने आणावयाच्या वस्तू वस्तुतः थोड्या आहेत. सर्वांत महत्त्वाचे ते प्रवेशपत्र. ते आता मंडळाकडून शाळेस संगणकाद्वारे मिळते, शाळेने ते छापून काढावयाचे असते आणि त्यावर मुख्याध्यापकांची स्वाक्षरी व शाळेचा शिक्का असावा लागतो. या छपाईसाठी विद्यार्थ्याकडून वेगळा पैसा घेऊ नये, असे मंडळानेच स्पष्ट सांगितले आहे. प्रवेशपत्र हरवले म्हणून रडत बसण्याचे कारण नाही. शाळेने ते पुन्हा छापून, त्यावर लाल शाईने 'द्वितीय प्रत' असा शेरा मारून द्यावयाचे असते. या साध्या गोष्टी ठाऊक नसल्यामुळे ऐन सकाळी घरात जो हलकल्लोळ माजतो, तो पुष्कळशा प्रमाणात टाळता येण्याजोगा आहे. नाव, विषय, माध्यम, छायाचित्र यांत काही चूक असल्यास ती प्रवेशपत्र हाती पडताच शाळेच्या दृष्टीस आणावी; परीक्षेच्या दारात ती दुरुस्त होत नसते.

प्रवेशपत्राखेरीज निळ्या अथवा काळ्या शाईची, हाताला सवय झालेली दोन-तीन लेखण्या, पेन्सिल, खोडरबर, पट्टी आणि भूमितीच्या दिवशी कंपासपेटी, एवढे साहित्य पुरे. नवी कोरी लेखणी परीक्षेच्या दिवशी प्रथमच हाती धरणे हे शुभशकुनाचे भासले, तरी शहाणपणाचे नव्हे. साधे मनगटी घड्याळ उपयोगी पडते. संदेश घेणारे नवे घड्याळ मात्र घरीच राहिले पाहिजे आणि भ्रमणध्वनीचे तर नावही काढू नये. खिसे आणि कंपासपेटी घरातून निघण्यापूर्वीच तपासावी. सरावाचा एखादा विसरलेला चिटोराही परीक्षागृहात चिटोरा राहत नाही, पुरावा होतो. उत्तरपत्रिकेवर आसनक्रमांक अंकांत व अक्षरांत नीट लिहावा, बारकोडची चिकटपट्टी योग्य जागी लावली गेली आहे ना हे पाहावे, आणि पर्यवेक्षकांची स्वाक्षरी झाल्यावाचून जागा सोडू नये. परीक्षा-केंद्र अपरिचित असेल, तर आदल्या दिवशी तेथे एकदा जाऊन यावे. सकाळच्या सत्रासाठी साडेदहास आणि दुपारच्या सत्रासाठी अडीचला केंद्रावर असणे हा नियम आहे, आणि आपल्या शहरांतील रस्त्यांची अवस्था ध्यानी घेता, त्यासाठी घरून किती आधी निघावे याचा हिशेब ज्याचा त्याने करावा.

येथपर्यंत सारे ठीक आहे. यांतील प्रत्येक नियम पाळणे विद्यार्थ्याच्या हाती आहे आणि त्याच्या हिताचेही आहे. परंतु या नियमांमध्येच एक लहानशी गोष्ट अशी आहे, की तिचा विचार करू लागताच हा प्रश्न केवळ विद्यार्थ्याच्या शिस्तीचा उरत नाही. ती गोष्ट म्हणजे दहा मिनिटे.

काही वर्षांपूर्वीपर्यंत परीक्षा अकरा वाजता सुरू होणार असली, तरी प्रश्नपत्रिका दहा मिनिटे आधी मुलांच्या हाती पडे. लिहावयाचे नाही, फक्त वाचावयाचे, असा तो अवधी होता. छातीतील धडधड शांत व्हावी, सोपे व अवघड यांची मनात वाटणी व्हावी आणि मगच लेखणी उचलावी, ही त्यामागील दृष्टी शिक्षणशास्त्रास धरून होती. २०२३ पासून ही सवलत आरंभी न देता शेवटी देण्यात येऊ लागली. तीन तासांची अकराची प्रश्नपत्रिका आता दोन वाजून दहा मिनिटांपर्यंत चालते. गणिताने पाहिले तर विद्यार्थ्याचे काहीच गेले नाही; दहा मिनिटे होती, दहा मिनिटे आहेत. परंतु आरंभीची शांत दहा मिनिटे आणि अखेरची घाईची दहा मिनिटे यांची किंमत एकच, असे कोणताही अनुभवी शिक्षक म्हणणार नाही.

हा बदल का करावा लागला? त्या दहा मिनिटांत प्रश्नपत्रिकेची छायाचित्रे काढून ती समाजमाध्यमांवर पसरविली जात, किंवा पसरल्याच्या अफवा उठविल्या जात, म्हणून. बाकावर बसलेल्या, ज्याचे खिसे दारातच तपासले गेले आहेत अशा मुलाच्या हाती हे करण्याचे साधन नव्हते. साधन ज्यांच्या हाती होते ते प्रौढ होते. ३ मार्च २०२३ रोजी बारावीच्या गणिताच्या प्रश्नपत्रिकेची पाने बुलढाणा जिल्ह्यातून बाहेर गेली, तेव्हा त्या प्रकरणात पकडल्या गेलेल्यांत शिक्षकही होते. २१ फेब्रुवारी २०२५ रोजी, दहावीच्या पहिल्याच दिवशी, जालना जिल्ह्यातून मराठीची प्रश्नपत्रिका फुटल्याची वार्ता पसरली आणि तसे घडले नसल्याचा खुलासा करण्याची पाळी मंडळावर आली. अपराध मोठ्यांनी करावा आणि त्याची भरपाई लहानांनी आपल्या दहा मिनिटांतून करावी, असा हा व्यवहार आहे. मंडळाने हा निर्णय हौसेने घेतला असे आम्ही म्हणत नाही. परंतु नाइलाजाने का होईना, दंड निरपराध्यास झाला हे नाकारता येणार नाही.

त्याहून मनास लागणारी गोष्ट वेगळीच आहे. प्रश्नपत्रिकांचे मोहोरबंद पाकीट आता परीक्षेच्या खोलीतच उघडले जाते, आणि ते अभंग होते याची साक्ष म्हणून खोलीतील दोन विद्यार्थ्यांच्या स्वाक्षऱ्या घेतल्या जातात. व्यवस्था म्हणून ही पद्धत चांगली आहे. परंतु तिचा अर्थ काय होतो, याचा विचार व्हावा. ज्याच्या प्रामाणिकपणाची तपासणी करण्यासाठी भरारी पथके व बैठी पथके नेमली जातात, त्याच मुलाकडे मोठ्यांच्या प्रामाणिकपणाचे प्रमाणपत्र आपण मागत आहो. ही स्वाक्षरी करताना त्या मुलाच्या मनात आपल्या समाजाविषयी कोणती प्रतिमा उभी राहत असेल?

कायदे नाहीत म्हणून हे घडते, असेही नाही. परीक्षांतील गैरप्रकारांस आळा घालणारा महाराष्ट्राचा अधिनियम १९८२ चा आहे. म्हणजे आजच्या परीक्षार्थींच्या कित्येक पालकांहून तो वयाने मोठा आहे. तेव्हा उणीव कायद्याची नसून लज्जेची आहे. केंद्राच्या भिंतीवर चढून खिडकीतून चिठ्ठी फेकणारा भाऊ किंवा काका आपण मुलावर उपकार करीत आहो अशा समजुतीत असतो. शहरांतील सुशिक्षित मंडळी भिंतीवर चढत नाहीत, हे खरे. परंतु आदल्या रात्री 'खात्रीचे प्रश्न' म्हणून फिरणारे संदेश उघडून पाहण्याचा व पुढे धाडण्याचा मोह त्यांतील कितीजणांस आवरतो? भिंतीवर चढणारा आणि संदेश पुढे पाठविणारा, या दोघांत भेद केवळ श्रमाचा आहे.

मंडळानेही आपली झडती घ्यावयास हवी. विद्यार्थ्यास एक अंक चुकीचा लिहिल्याची शिक्षा भोगावी लागते. मग २०२३ मध्ये बारावीच्या इंग्रजीच्या प्रश्नपत्रिकेत काही प्रश्नच छापावयाचे राहिले, आणि पुढे त्यांपोटी सहा गुण देऊन भरपाई करावी लागली, याची वाट कशी लावावयाची? जानेवारी २०२५ मध्ये बारावीच्या प्रवेशपत्रांवर विद्यार्थ्याच्या जातीचा प्रवर्ग छापला गेला. टीका होताच मंडळाने तो उल्लेख मागे घेतला व प्रवेशपत्रे नव्याने दिली, हे योग्यच झाले. परंतु जे पत्र मुलाने मुठीत धरून परीक्षागृहात जावयाचे, त्यावर त्याचा आसनक्रमांक आणि विषय यांपलीकडे समाजाने काय लिहावे, हा विवेक ते छापण्यापूर्वीच सुचावयास हवा होता.

म्हणून दुसऱ्या बाजूची यादी आम्ही येथे मांडीत आहो. शासनाने प्रत्येक केंद्रावर मुलाच्या उंचीस पुरेल असा बाक, वर पंखा, पिण्याचे स्वच्छ पाणी आणि मुलींसाठी वापरण्याजोगे स्वच्छतागृह आणावे. फेब्रुवारी-मार्चमधील विदर्भ-मराठवाड्यातील दुपार ज्याने अनुभवली आहे, त्यास पंखा ही चैन वाटणार नाही. ज्या गावाच्या मुलांस परक्या गावी परीक्षेस जावे लागते, तेथे एस. टी. ची गाडी वेळेवर आणावी. कारण साडेदहाचा नियम मुलास लागू असेल, तर गाडीसही लागू असला पाहिजे. शाळांनी अपंग विद्यार्थ्यांच्या सवलतींची कागदपत्रे वेळीच मंडळाकडे पाठवावी. ताशी वीस मिनिटांचा अधिक वेळ किंवा लेखनिक ही त्या मुलांवरील मेहेरबानी नव्हे, तो त्यांचा हक्क आहे, आणि शाळेच्या आळसाने तो बुडता कामा नये. नगरपालिकांनी व पोलिसांनी परीक्षेच्या आदल्या रात्री वरातींचे व सभांचे कर्णे बंद ठेवण्याची धमक आणावी.

आणि पालकांनी काय आणावे? त्यांनी थोडे मौन आणावे. केंद्रातून बाहेर पडणाऱ्या मुलास दारातच गाठून प्रत्येक उत्तराची उलटतपासणी करण्याने झालेली चूक सुधारत नाही. उद्याची मात्र बिघडते. या परीक्षेने आयुष्याचा निकाल लागतो, हा समज आपल्या मध्यमवर्गात फार जुना आहे. शालान्त परीक्षा अकरावीऐवजी दहावीस आली १९७५ मध्ये, परंतु तिच्याभोवतीचे भय एका इयत्तेनेही कमी झाले नाही. वस्तुस्थिती काय आहे? २०२० मध्ये टाळेबंदीमुळे दहावीचा भूगोलाचा पेपर होऊच शकला नाही. २०२१ मध्ये तर संपूर्ण परीक्षा रद्द झाली आणि अंतर्गत मूल्यमापनावर ९९.९५ टक्के विद्यार्थी उत्तीर्ण ठरले. ती मुले पुढे शिकली व मार्गी लागत आहेत. अनुत्तीर्ण होणाऱ्यांसाठी पुरवणी परीक्षा २०१५ पासून त्याच वर्षीच्या पावसाळ्यात होऊ लागल्यामुळे पूर्वीसारखे वर्षही वाया जात नाही. ही माहिती निकालाच्या दिवशी सांत्वन म्हणून सांगण्याची नव्हे. ती परीक्षेच्या आधी, मुलास ऐकू येईल अशा आवाजात घरात बोलली गेली पाहिजे.

विद्यार्थ्यांस आमचे एकच सांगणे आहे. वाचनाची दहा मिनिटे तुमच्याकडून आरंभी काढून घेतली गेली असली, तरी ती शेवटी तुमच्या पदरात पडतात, आणि ती कोठे खर्चावयाची हे तुमच्या हाती आहे. प्रश्नपत्रिका मिळताच शेजारच्या लेखण्या धावू लागल्या, तरी तुम्ही थांबा. पाच-दहा मिनिटे ती सावकाश वाचा आणि मग लिहावयास घ्या. घड्याळात तो वेळ तुमच्या नावे जमा आहे.

मंडळास आणि समाजास मात्र आमचे सांगणे याहून कठोर आहे. ती दहा मिनिटे मुलांची होती आणि मोठ्यांच्या अप्रामाणिकपणाने ती गेली. पाकीट खोलीतच उघडावयाचे आणि केंद्रावरील कोणाही प्रौढाच्या हाती त्या वेळी भ्रमणध्वनी असू द्यावयाचा नाही, एवढे जरी कसोशीने पाळले गेले, तरी ती परत देता येण्याजोगी आहेत. ज्या वर्षी प्रश्नपत्रिका पुन्हा निर्धास्तपणे अकराच्या आधी मुलांच्या हाती देता येईल, त्या वर्षी या परीक्षेत मोठी माणसे उत्तीर्ण झाली, असे आम्ही समजू. तोपर्यंत निकालाची टक्केवारी कितीही चढो, आपला विषय राहिलेलाच आहे.