टाइप-सी सगळीकडे, मग चार्जिंग अडते कुठे?

युरोपीय संघात २८ डिसेंबर २०२४ पासून नवे मोबाइल, टॅब्लेट आणि कॅमेरे टाइप-सी पोर्टसहच बाजारात आणावे लागतात. लॅपटॉपसाठी २८ एप्रिल २०२६ ही तारीख ठरली. नियम तिकडचा असला तरी एकेका बाजारासाठी वेगळे यंत्र बनवणे कंपन्यांना परवडत नाही. २०२३चा आयफोन १५ जगभर टाइप-सी घेऊनच आला. तरीही ‘पिन बसते, पण चार्ज होत नाही’ किंवा ‘लॅपटॉप चार्जिंग दाखवतो, पण बॅटरी उतरतच राहते’ या तक्रारी संपलेल्या नाहीत. कारण पिनचा आकार कायद्याने एक करता येतो. किती वीज द्यायची-घ्यायची याचा सौदा मात्र प्रत्येक जोडणीवेळी नव्याने होतो.

हा सौदा ‘यूएसबी पॉवर डिलिव्हरी’ या मानकानुसार चालतो. पोर्टमध्ये त्यासाठी स्वतंत्र संपर्क आहे. घेणाऱ्या यंत्राने तिथे ५.१ किलोओहमचा रोध दाखवल्याशिवाय टाइप-सी चार्जर वीजच सोडत नाही. मग आधी फक्त ५ व्होल्ट येतात आणि चार्जर आपली यादी पाठवतो. ६५ वॅटचा चार्जर साधारणपणे ५, ९ आणि १५ व्होल्टला ३ अँपिअर, तर २० व्होल्टला ३.२५ अँपिअर देऊ करतो. यंत्राने त्यातला एक पर्याय मागायचा, चार्जरने होकार द्यायचा आणि ‘वीज तयार’ असा निरोप येईपर्यंत यंत्राने भूक आवरायची. यादी मिळाल्यावर उत्तर द्यायला मिळतात सुमारे ३० मिलिसेकंद. पापणी लवायलाही याहून जास्त वेळ लागतो.

यंत्राच्या बाजूने ही बोलणी कधी पोर्टजवळची चिप स्वतःच उरकते, तर कधी ती ड्रायव्हरवर, म्हणजे हार्डवेअर हाताळणाऱ्या प्रणालीतील छोट्या प्रोग्रामवर येते. लिनक्समध्ये त्यासाठी २०१७पासून एक सामाईक चौकट आहे. निरनिराळ्या चिपांचे ड्रायव्हर तिच्यावर बेततात. काम वरवर साधे दिसते: यादी वाचा, आपल्या मर्यादेत बसेल ते मागा. मनाजोगता पर्याय नसेल, तर मिळेल तो घेऊन ‘माझी गरज भागत नाही’ अशी खूण पाठवायची सोयही मानकात आहे. हळू चार्जिंगची सूचना पडद्यावर दिसते ती अशाच तपासणीमुळे.

खरी अडचण बोलणी फिसकटल्यावर येते. उत्तर वेळेत आले नाही, तर चार्जर ‘हार्ड रिसेट’ करतो. वीज पूर्ण बंद करून पहिल्यापासून सुरुवात. लॅपटॉपला बॅटरीचा आधार असतो, त्यामुळे चार्जिंगचे चिन्ह क्षणभर जाते, एवढेच. पण बॅटरीच नसलेल्या छोट्या संगणकाचे काय? ‘रॉक ५बी’ या बोर्डवर नेमके हेच घडले. त्याचा ड्रायव्हर प्रणाली सुरू झाल्यावर जागा होई. काही चार्जर मात्र सुमारे ५ सेकंद वाट पाहून वीज तोडत. बोर्ड बंद, पुन्हा सुरू, पुन्हा बंद. उपाय म्हणून ही बोलणी प्रणालीच्याही आधी चालणाऱ्या बूटलोडरमध्ये न्यावी लागली.

अर्थात प्रत्येक दोष सॉफ्टवेअरच्या माथी मारता येत नाही. २०१९मध्ये आलेल्या रास्पबेरी पाय ४ मध्ये दोन संपर्कांसाठी वेगवेगळे रोध हवे होते, तिथे एकच सामाईक होता. चिप असलेली महागडी केबल लावली की चार्जर त्या संगणकाला ध्वनी-उपकरण समजे आणि वीजच देत नसे. साध्या केबलवर सारे सुरळीत. असा दोष कोणत्याही अपडेटने जात नाही. तो बोर्डच्या नंतरच्या आवृत्तीत सुधारला गेला.

केबलची बाजूही ग्राहकाला क्वचितच सांगितली जाते. साधी टाइप-सी केबल ३ अँपिअरपर्यंतच चालते, म्हणजे २० व्होल्टला ६० वॅट. त्यापुढे ५ अँपिअरची, ओळख पटवणारी चिप असलेली केबल लागते. २०२१मध्ये मानकाने कमाल मर्यादा २४० वॅटवर नेली, पण त्यासाठी केबलही त्याच क्षमतेची हवी. १०० वॅटचा चार्जर घेऊन जुनीच केबल वापरणाऱ्याचे जादा पैसे वाया जातात, आणि यात ड्रायव्हरचा काही दोष नसतो.

युरोपच्या नियमात वेगवान चार्जिंग असलेल्या यंत्रांना पॉवर डिलिव्हरी सक्तीची आहे. कंपन्यांच्या स्वतःच्या पद्धतींना बंदी नाही; त्यांनी पॉवर डिलिव्हरीच्या आड येऊ नये, एवढी अट. यंत्राला किमान आणि कमाल किती वॅट लागतात, हे वेष्टनावर छापणेही बंधनकारक आहे. ग्राहकाच्या दृष्टीने ही सर्वांत उपयोगी तरतूद, कारण जुना चार्जर चालेल की नवा घ्यावा लागेल, हे दुकानातच कळते. मात्र त्या आकड्यांवरून ड्रायव्हर वेळेत उत्तर देतो का, रिसेटनंतर सावरतो का, हे समजत नाही. ते ठरते उत्पादकाने किती प्रकारचे चार्जर लावून चाचणी घेतली यावर, आणि विक्रीनंतर किती वर्षे अपडेट दिले यावर.