विश्लेषण : क्रूझ रद्द झाली, तर सुट्टीचे काय? दुसरा बेत आधीच का हवा?

डोंबिवलीतील एखादे कुटुंब डोळ्यांसमोर आणावे. आजोबांची पंच्याहत्तरी नाताळच्या आठवड्यात येते म्हणून मे महिन्यातच मुंबई-लक्षद्वीप क्रूझच्या तीन केबिन घेतलेल्या. लेक आणि जावई नागपूरहून येणार, नातवाने कंपनीत चार महिने आधी रजा टाकलेली. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात ईमेल येतो : तांत्रिक कारणामुळे ही फेरी रद्द करण्यात येत आहे, भरलेली रक्कम परत घ्यावी किंवा पुढील फेरीसाठी वापरावी. पैसे बुडालेले नाहीत. पण रजा मंजूर आहे, नागपूरची तिकिटे काढलेली आहेत, आजोबांनी सोसायटीभर सांगून झाले आहे आणि नाताळात कोकण-गोव्याकडे पाय ठेवायला जागा उरलेली नाही.

मुंबईतून क्रूझने जाणे आता अपूर्वाईचे राहिलेले नाही. केंद्र सरकारने ३० सप्टेंबर २०२४ रोजी ‘क्रूझ भारत मिशन’ सुरू केले, सप्टेंबर २०२५ मध्ये मुंबई बंदरातील नव्या आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलचे उद्घाटन झाले. जाणाऱ्यांची संख्या वाढेल, तशी ऐनवेळी अडकणाऱ्यांचीही वाढेल. मात्र दुसरा बेत आखून ठेवण्याची गोष्ट काढली की घरात कोणी तरी म्हणतेच, ‘शुभ बोल रे नाऱ्या!’ वास्तविक समुद्रावरच्या प्रवासाइतकी दुसऱ्या बेताची गरज क्वचितच दुसऱ्या सहलीला असते.

जहाज आयत्या वेळी का निघत नाही?

विमान बिघडले तर कंपनी दुसरे विमान आणू शकते. निदान दुसऱ्या कंपनीच्या विमानात जागा मिळू शकते. हजार-दोन हजार प्रवाशांचे जहाज बिघडले, तर त्याच्या जागी उभे करायला दुसरे जहाज बंदरात नसते. भारतातून नियमित फेऱ्या करणाऱ्या मोठ्या जहाजांची संख्या तर एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. त्यामुळे इंजिनातील बिघाड, गोदीतील दुरुस्ती लांबणे, वादळ, बंदराची परवानगी यांपैकी काहीही अडले की सगळी फेरीच अडते. एक कारण तर अनेक प्रवाशांच्या ध्यानीमनी नसते. एखादी मोठी कंपनी संमेलनासाठी अख्खे जहाज भाड्याने घेते आणि त्या तारखांना आधी आरक्षण केलेल्यांना बाजूला व्हावे लागते. जगभरच्या क्रूझ व्यवसायात ही रीत रुळलेली आहे.

कधी कधी कंपनीच राहत नाही. ‘जलेश क्रूझेस’चे ‘कर्णिका’ हे जहाज एप्रिल २०१९ मध्ये मोठ्या गाजावाजाने मुंबईत आले. करोना आला, फेऱ्या थांबल्या, आणि २०२०च्या अखेरीस ते अलंगच्या किनाऱ्यावर भंगारात निघाले. सिंगापूरहून निघणाऱ्या ज्या ‘ड्रीम क्रूझेस’ भारतीय पर्यटकांत लोकप्रिय होत्या, त्यांची मूळ कंपनी ‘गेंटिंग हाँगकाँग’ जानेवारी २०२२ मध्ये दिवाळखोरीत गेली. त्याच महिन्यात याच समूहाचे ‘क्रिस्टल सिंफनी’ हे जहाज मायामीत जप्तीचा आदेश वाट पाहतो आहे म्हणून प्रवाशांसह बहामाकडे वळले. तेथून प्रवाशांना दुसऱ्या बोटीने फ्लोरिडात पोहोचवावे लागले.

सर्वांत बोलके उदाहरण ‘लाइफ अ‍ॅट सी’ या तीन वर्षांच्या जगप्रदक्षिणेचे. नोव्हेंबर २०२३ मध्ये इस्तंबूलहून ती निघायची होती. तारीख दोनदा पुढे गेली, ठरलेले जहाज विकत घेण्याचा व्यवहार फिसकटला आणि अखेर प्रवासच रद्द झाला. काही प्रवासी इस्तंबूलला पोहोचले होते, काहींनी राहते घर भाड्याने दिले होते. तीन वर्षांसाठी घर सोडणारे आणि चार रात्रींसाठी रजा टाकणारे यांच्यात फरक मोठा आहे, पण चूक एकच आहे. जहाज निघणारच, असे धरून बाकीचे सारे दोर कापून टाकण्याची.

जहाज निघाले, पण बंदर चुकले तर?

फेरी पूर्ण रद्द होण्यापेक्षा हे अधिक वेळा घडते. जून २०२२ मध्ये चेन्नईहून निघालेल्या ‘कॉर्डेलिया’ जहाजाला पुदुच्चेरीने परवानगी दिली नाही. जहाजावरील कॅसिनोवरून तेथे वाद पेटला होता. पुदुच्चेरी न पाहताच फेरी पुढे गेली. त्याआधी जानेवारी २०२२ मध्ये गोव्याला पोहोचलेल्या याच जहाजावर ६६ जण करोनाबाधित आढळले. प्रवाशांना उतरू दिले गेले नाही आणि नववर्ष साजरे करायला निघालेले लोक मुंबईला परतले. लक्षद्वीपच्या अगात्तीला मोठे जहाज धक्क्याला लागतच नाही. ते समुद्रात उभे राहते आणि प्रवाशांना लहान बोटींतून किनाऱ्यावर नेतात. लाटा उसळल्या, तर बेट लांबून पाहायचे आणि परत फिरायचे.

तिकिटामागच्या अटींत मार्ग बदलण्याचा, बंदर गाळण्याचा अधिकार कंपनीने बहुधा स्वतःकडे राखलेला असतो. अशा वेळी फारतर त्या बंदराचे शुल्क परत मिळते. म्हणून क्रूझ घेताना मनाशी एक प्रश्न विचारून पाहावा : एकही बंदर लागले नाही, तरी हे चार दिवस आवडतील का? उत्तर ‘नाही’ असेल आणि ओढ फक्त अगात्तीच्या निळ्या पाण्याची असेल, तर कोचीहून विमानाने अगात्तीला जाण्याचा विचार आधी करावा. त्यासाठी लक्षद्वीपचा प्रवेश परवाना काढावा लागतो, पण प्रवास लाटांवर अवलंबून राहत नाही.

पैसे परत मिळतात, मग नुकसान कसले?

कंपनी परत करते ते क्रूझचे भाडे. वेगळी काढलेली विमानाची तिकिटे, आदल्या रात्रीचे हॉटेल, व्हिसाचे शुल्क आणि सामान ठेवण्यासाठी घेतलेली नवी बॅग ही त्या हिशेबात धरली जात नाहीत. शिवाय परतावा हाती येईपर्यंत आठवडे जातात, आणि सुट्टी तर आठ दिवसांवर आलेली असते. म्हणजे दुसऱ्या बेतासाठी लागणारा पैसा पहिल्या बेतात अडकून पडतो. क्रूझसाठी जेवढे बाजूला काढले, त्याच्या निदान चौथ्या हिश्शाइतकी रक्कम मोकळी नसेल, तर दुसरा बेत कागदावरच राहतो.

‘रोख परतावा की पुढच्या फेरीचे क्रेडिट’ या प्रश्नावर तर फार विचार करायला नको. क्रेडिटवर दहा-वीस टक्के जास्तीचे आमिष दाखवले जाते. कंपनी भक्कम असेल आणि पुढची तारीख खरोखर जमणार असेल, तरच ते घ्यावे. अन्यथा हातचे सोडून पळत्याच्या पाठी लागण्यात अर्थ नाही. कंपनी बुडाली, तर क्रेडिट घेतलेला प्रवासी देणेकऱ्यांच्या रांगेत शेवटी उभा असतो.

दुसरा बेत कसा आखावा?

येथे बहुतेकांची गल्लत होते. क्रूझ गेली म्हणून ते दुसरी क्रूझ शोधतात, किंवा लक्षद्वीप गेले म्हणून अंदमानची तिकिटे पाहतात. आठ दिवस आधी ती परवडत नाहीत. मग सगळेच बारगळते. दुसरा बेत ठिकाणाला पर्याय म्हणून आखूच नये. तारखा त्याच, माणसे जमण्याचे गाव तेच आणि क्रूझ घेण्यामागचे कारणही तेच, एवढे साधले की पुरे.

डोंबिवलीच्या कुटुंबाने क्रूझ का निवडली होती? आजोबांचे गुडघे दुखतात. रोज नवे हॉटेल, रोज बॅग भरणे नको होते. जेवण समोर यावे, तीन पिढ्या एका छताखाली असाव्यात आणि समुद्र दिसावा. या यादीत लक्षद्वीप शेवटून पहिले. मग भाऊच्या धक्क्यावरून रो-रो बोटीत गाडी चढवून साधारण तासाभरात मांडवा, तेथून दिवेआगर किंवा मुरूडकडे एखादे घरगुती निवासस्थान, हा बेत त्याच कारणांना पुरा पडतो. आजोबांना बोटही मिळते. जेवणात उकडीचे मोदक मिळतात, जे जहाजावर मिळाले नसते. ज्यांना चढउतार जमते ते राजपुरीहून जंजिरा पाहून येतील, बाकीचे ओसरीवर बसतील. नागपूरच्या लेकीची तिकिटे मुंबईपर्यंतचीच असल्याने वाया जात नाहीत.

परदेशातून निघणाऱ्या क्रूझलाही हेच लागू. सिंगापूरहून जहाज निघणार असेल, तर प्रवाशाजवळ सिंगापूरचा व्हिसा असतो, विमानाचे तिकीट असते. जहाज रद्द झाले म्हणून विमानाचे तिकीट रद्द करून दंड भरण्यापेक्षा तेच दिवस सिंगापुरात काढणे बहुधा स्वस्त पडते. बसने मलाक्का करता येते. मलेशियाच्या प्रवेशाचे नियम तेवढे निघण्याआधी तपासावे लागतात. येथे एक बारकावा आहे. जहाज सिंगापूर सोडून पुन्हा सिंगापूरलाच येते, म्हणून व्हिसा एकापेक्षा अधिक प्रवेशांचा हवा. तो तसा असला, की मलाक्काहून परतणेही सोपे होते.

फ्लोरिडाहून कॅरिबियन क्रूझ घेणाऱ्या अमेरिकेतील मराठी कुटुंबांसमोरचा प्रश्न थोडा वेगळा. तेथे चक्रीवादळांचा हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर. वादळ आले तर जहाज सहसा रद्द होत नाही, मार्ग बदलते किंवा परतायला एक-दोन दिवस उशीर करते. तेथे दुसऱ्या बेतापेक्षा परतीनंतरचे दोन मोकळे दिवस अधिक कामाचे. भारतातून भेटीला आलेल्या आईवडिलांचे परतीचे विमान क्रूझ संपते त्याच संध्याकाळी ठेवणे हा धोका पत्करूच नये.

खोली कधी धरावी, कधी सोडावी?

रेल्वेचे आगाऊ आरक्षण १ नोव्हेंबर २०२४ पासून १२० ऐवजी ६० दिवस आधी उघडते. म्हणजे नाताळच्या गाड्यांची खिडकी ऑक्टोबरच्या अखेरीस उघडते आणि सणासुदीला मिनिटांत भरते. डिसेंबरमध्ये क्रूझ रद्द झाल्यावर कोकण रेल्वेत जागा मिळण्याची आशा धरू नये. दुसरा बेत रस्त्याने गाठता येईल असाच असावा, किंवा गाडीची तिकिटे ६० दिवसांपूर्वीच काढून ठेवावीत आणि नंतर रद्द करण्याचा खर्च विम्याच्या हप्त्यासारखा सोसावा.

राहण्याच्या जागेचे तसे नाही. विनाशुल्क रद्द करता येणारी खोली क्रूझच्या आरक्षणाबरोबरच धरून ठेवता येते. मात्र कोकणातील घरगुती निवासवाल्याची नाताळातील एक खोली म्हणजे त्याच्या वर्षाच्या कमाईचा मोठा वाटा. ती अडवून आदल्या संध्याकाळी ‘येत नाही’ म्हणून कळवणे त्याच्या पोटावर पाय देणारे. त्याला फोनवर खरे सांगावे की क्रूझचे आरक्षण आहे, ते पक्के ठरले की दहा दिवस आधी कळवतो, आगाऊ रक्कम पुढच्या मुक्कामासाठी चालेल का. अनेकजण तयार होतात. मार्चमध्ये, गर्दी ओसरल्यावर, त्या पैशांत दोन दिवस राहून येता येते.

खोली सोडल्यानंतरच्या दहा दिवसांतही जहाज रद्द होऊ शकते. त्यासाठी आरक्षण नको, फक्त ठरलेले हवे : गाडी कोणाची, कुठे कुठे फोन करायचे, आणि कोठेच जागा मिळाली नाही तर वाढदिवस घरीच कोणत्या दिवशी. एवढे एका कागदावर असले, की रद्द झाल्याच्या ईमेलनंतरची भांडणे निम्म्याने कमी होतात.

विमा आणि तक्रार

प्रवास विमा क्रूझच्या आदल्या आठवड्यात घेण्याची सवय चुकीची. आरक्षणाच्या वेळीच घेतला, तर मधल्या सहा महिन्यांतील आजारपणालाही संरक्षण मिळू शकते. मात्र पॉलिसीत दिलेल्या कारणांपुरतीच भरपाई मिळते. कंपनी दिवाळखोरीत निघणे हे कारण अनेक पॉलिसींत नसते. ज्येष्ठांच्या जुन्या दुखण्यांबाबतची अट तर शब्दन् शब्द वाचायला हवी. रक्कम क्रेडिट कार्डाने भरलेली असेल, तर सेवा न मिळाल्याबद्दल बँकेकडे वाद दाखल करता येतो. रोख किंवा एजंटच्या वैयक्तिक खात्यात भरलेल्या पैशांना तो आधार नसतो.

परतावा अडला, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार तक्रारदार स्वतः राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे दाद मागू शकतो. कंपनीचे कार्यालय कोठेही असो, डोंबिवलीकराला ठाणे जिल्ह्यातच तक्रार करता येते. त्यासाठी रद्द झाल्याचा ईमेल, पैसे भरल्याची पावती आणि आरक्षणाच्या दिवशीच्या अटींची प्रत जपून ठेवावी. संकेतस्थळावरील अटी नंतर बदललेल्या असू शकतात.

कोकणाला हे नवे नाही

मुंबईहून कोकणात बोटीने जाण्याचा काळ होता, तेव्हा पावसाळा लागला की बोट बंद. चाकरमानी मग घाटातून, एसटीने, जमेल तसा गावी पोहोचायचा. गेटवेहून मांडव्याला जाणाऱ्या साध्या बोटी आजही पावसाळ्यात थांबतात, आणि अलिबागला जाणारा त्यासाठी कोणाला दोष देत नाही. तो गाडी काढतो आणि पेणमार्गे जातो.