सही करण्याआधी कंपनी वाचा!



गावोगाव शेतकऱ्यांच्या कंपन्या निघताहेत. शहरातून गाडी येते, पारावर बैठक होते, आधार कार्ड, सातबारा गोळा होतो. "आजपासून तुम्ही डायरेक्टर!" फोटो निघतो, पेढे वाटले जातात. पुढे एक दिवस नोटीस येते, तेव्हा गाडीवाला फोन उचलत नाही.

कंपनी काढू नका, असे मी म्हणत नाही. 2003 सालापासून कायद्याने दिलेले हे हत्यार चांगलेच आहे. 10 शेतकरी एकत्र आले की उत्पादक कंपनी होते. संचालक 5 ते 15. शेअर कितीही असोत, शेतकऱ्याला मत एकच. बाहेरचा पैसेवाला शेअर विकत घेऊन मालक होऊ शकत नाही. 2020 साली केंद्राने अशा 10,000 संघटनांची योजना काढली. सभासदामागे 2,000 रुपयांपर्यंत आणि एका कंपनीला 15 लाखांपर्यंत भागभांडवलाला जोड अनुदान ठेवले. अनुदान सगळ्यांनी सांगितले. जबाबदारी कोणी सांगितली?

ती ऐका. धंदा एक रुपयाचा नसला तरी ताळेबंद आणि वार्षिक विवरण दरवर्षी भरावेच लागते. उशीर झाला की प्रत्येक फॉर्मला रोज 100 रुपये. दोन फॉर्म वर्षभर राहिले तर 73,000! 2025-26 चा मध्यम धाग्याच्या कापसाचा हमीभाव 7,710 रुपये धरला तर साडेनऊ क्विंटल कापूस नुसत्या उशिरापायी गेला. लागोपाठ तीन वर्षे विवरण राहिले तर संचालक 5 वर्षांसाठी अपात्र. सही तुमची, म्हणून मानही तुमचीच अडकते.

दुसरा गैरसमज, "शेतीला आयकर नाही." शेतकऱ्याच्या शेती उत्पन्नाला नाही. पण कंपनीने कापूस घेतला, जिनिंग केले, रुई आणि सरकी विकली की तो धंदा झाला. नफ्यावर कर आला.

आता सरकारचा न्याय पाहा. शहरातल्या नव्या कंपन्यांनी चढ्या भावाने शेअर विकले, तर वाजवी किमतीवरच्या रकमेला 2012 पासून कर लागत होता. त्यांनी ओरड केली, 2024 च्या अर्थसंकल्पाने तो कर काढून टाकला. त्यांना पहिल्या 10 वर्षांतल्या कोणत्याही सलग 3 वर्षांच्या नफ्यावर करमाफी आहे. 2025 च्या अर्थसंकल्पाने ती 1 एप्रिल 2030 पर्यंत नोंदणाऱ्या कंपन्यांपर्यंत वाढवली. शेतकऱ्यांच्या कंपन्यांनाही 2018 च्या अर्थसंकल्पात 100 टक्के सूट जाहीर झाली होती, पण पाच वर्षांची बोली करून. तिची मुदत मात्र 2025 च्या अर्थसंकल्पाने वाढवली नाही. त्यांचा धंदा रांगायला लागला की दहा वर्षांची सवड, आणि आमच्या बोंडअळीने, पावसाने झोडपलेल्या धंद्याला मोजून पाच? ते ओरडले, आपण गप्प बसलो. फरक एवढाच.

म्हणून जिल्हा बैठकीत दोन गोष्टी ठरवा. पहिली मागणी सरकारकडे: सभासदांच्याच मालावर चालणाऱ्या कंपनीला कायमची करसूट द्या, आणि धंदा सुरू नसलेल्या छोट्या कंपनीचा रोजचा दंड बंद करा. दुसरी शिस्त आपल्याच घरात: सही करण्याआधी कंपनीची नियमावली मराठीत वाचून घ्या, सीए कोण आणि त्याची फी कोण देणार हे लिहून घ्या, वर्षाची सभा गावातच भरवा आणि हिशेब सर्वांसमोर वाचा.

व्यापाऱ्याची काट्यातली मारामारी आपण ओळखतो. आता कागदातली ओळखायला शिकू या.