पाहुण्या प्रेक्षकाची बाजू कोणी घ्यायची?

जुलै २०२२. बर्मिंगहॅमच्या एजबॅस्टन मैदानावर कसोटीचा चौथा दिवस. इंग्लंडपुढे ३७८ धावांचे आव्हान, आणि रूट-बेअरस्टो ही जोडी ते हसतखेळत पार करायला निघालेली. त्याच वेळी प्रेक्षकांतल्या काही भारतीयांना वर्णावरून शिवीगाळ चालू होती. त्यांनी मैदानावरच्या रक्षकांकडे तक्रार केली. उत्तर मिळाले, असे ते सांगतात, ते एवढेच: जागेवर बसा.

शिव्या देणारे मूठभर कुठल्या मैदानावर नसतात? त्या मूठभरांपेक्षा बोचते ते हे ‘जागेवर बसा’, कारण हे यजमानाचे उत्तर असते. शिवाय भारताच्या बाजूने बसलेल्या त्या मंडळींत ब्रिटनचे रहिवासीही होते. घर तिथेच, कर तिथेच भरायचा. पाहुणे ठरले ते फक्त टाळ्या कोणासाठी वाजवल्या यावरून!

पुढे मात्र वॉरविकशायर क्लबने हात झटकले नाहीत, हे नमूद केले पाहिजे. क्लबने माफी मागितली. चौकशी सुरू झाली, पोलिसांनी एकाला अटक केली. पाचच दिवसांनी त्याच मैदानावर ट्वेंटी-२० सामना होता. त्या वेळी प्रेक्षकांमध्ये साध्या वेशातली माणसे पेरून ठेवली होती. तक्रारीची वाट पाहायची नाही, आपणच कान उघडे ठेवायचे, हा त्यातला अर्थ. उशिरा सुचले, पण सुचले.

आता आपल्या अंगणाकडे वळू. २०२३ च्या विश्वचषकात पाकिस्तानी प्रेक्षकांना व्हिसा जवळजवळ मिळालाच नाही. त्याच स्पर्धेत बंगळूरच्या स्टेडियममध्ये पाकिस्तानच्या एका पाठीराख्याला स्वतःच्या संघाचा जयघोष करू नको, म्हणून पोलिसाने अडवले. दुसऱ्यांना चालते, मग मला का नाही, असे तो विचारत राहिला. साधाच प्रश्न, पण त्या पोलिसाला एकट्याला दोष देऊन भागणार नाही. सकाळी बंदोबस्तावर पाठवताना त्याला काय सांगितले होते? तिकीट विकणाऱ्या संघटनेने घोषणा आणि शिवी यांतला फरक त्याला समजावला होता का? तिकिटाचे पैसे पाहुण्याकडूनही पुरते घेतले जातात, तेव्हा हा प्रश्न संघटनेलाच विचारायला हवा.

आणि खेळाडूंनी? जानेवारी २०२१ मध्ये सिडनीला सिराजला प्रेक्षकांकडून अपशब्द ऐकावे लागले, तेव्हा आपल्या अजिंक्य रहाणेने ते मुकाट्याने गिळले नाही. पंचांकडे तक्रार गेली, खेळ थांबला, सहा प्रेक्षकांना बाहेर काढले गेले. कर्णधार आपल्या गोलंदाजासाठी हे करू शकतो, तर यजमान कर्णधाराने समोरच्या संघाच्या पाठीराख्यांसाठी सीमारेषेपाशी जाऊन दोन शब्द बोलायला काय हरकत आहे? आपल्या लाडक्या खेळाडूने हात वर केला की गॅलरी ऐकते. रक्षकाचे ऐकेलच असे नाही.

जानेवारी १९९९ मध्ये चेन्नईत सचिनच्या १३६ धावांनंतरही आपण १२ धावांनी हरलो, तेव्हा चेपॉकच्या प्रेक्षकांनी उभे राहून पाकिस्तानी संघाला टाळ्या दिल्या. त्यांना तसे करायला कुणी सांगितले नव्हते.