तीन दिवसांत मंगळ

दिवाळीत आमच्या आळीतली मुले रिकाम्या बाटलीत बाण उभा करतात, वात पेटवतात आणि कानांवर हात ठेवून पळतात. एरवी मला चिंता असते ती दारातल्या रांगोळीची. यंदा मात्र त्या बाणाकडे पाहून मीच मान खाली घातली. का, ते सांगतो. फराळाबरोबर थोडे पापनिवेदनही खपून जावे.

महाविद्यालयाच्या वार्षिक अंकाचे संपादन माझ्याकडे असते. गेल्या वर्षी शेवटच्या वर्गातल्या एका विद्यार्थिनीने अंतराळयानाची कथा आणून दिली. तिच्या यानातून मायलेकी तीन दिवसांत मंगळावर जात होत्या. आपले मंगळयान २०१३ च्या नोव्हेंबरात निघाले ते २०१४ च्या सप्टेंबरात पोहोचले, एवढे वर्तमानपत्री ज्ञान माझ्यापाशी होते. त्या बळावर मी समासात लाल शाईने लिहिले : 'अशक्य.' पुढे एक वाक्य होते. दीड दिवसानंतर यानाने मंगळाकडे पाठ फिरवली आणि आईच्या हातातली आमटीची वाटी तरंगू लागली. तिथे माझा शेरा : 'पाठ फिरवली तर पोहोचणार कशी?' कथा परत गेली. पोरगी "बरं सर" म्हणाली आणि निघून गेली.

यंदा विज्ञानकथेवर चार तास घ्यायचे माझ्या वाट्याला आले. म्हणून ज्यूल व्हर्न आणि एच. जी. वेल्स पुन्हा उघडले. व्हर्नने १८६५ साली तीन माणसांना चंद्राकडे धाडले ते तोफेतून. नऊशे फूट लांबीची तोफ, फ्लोरिडाच्या जमिनीत उभी पुरलेली. पुढे १९६९ साली खरी तीन माणसे त्याच फ्लोरिडातून चंद्राकडे गेली, तेव्हा जगाने व्हर्नला द्रष्टा म्हटले. आमच्या पदार्थविज्ञानाच्या प्राध्यापकांना मी हे कौतुकाने सांगितले. त्यांनी चहाची बशी खाली ठेवली आणि वेळापत्रकाच्या पाठीवर आकडे मांडले. म्हणाले, "नऊशे फुटांत सेकंदाला अकरा किलोमीटरचा वेग गाठायचा तर आतल्या माणसाचे वजन वीस हजार पटींहून जास्त होईल. तुमच्या त्या तिघांची चटणी उरेल."

व्हर्नला धक्क्याची कल्पना नव्हती असे नाही. त्याने यानाच्या तळाशी पाण्याची गादी घातली होती. पण एवढ्या धक्क्यापुढे पाण्याची काय मातब्बरी!

वेल्सचा मार्ग वेगळा. १९०१ च्या कादंबरीत त्याने गुरुत्वाकर्षण अडवणारा एक पदार्थच कल्पिला. यान म्हणजे गोळा, त्याला त्या पदार्थाचे पडदे. चंद्राच्या बाजूचा पडदा उघडला की चंद्र ओढून घेणार! व्हर्नला हे मुळीच रुचले नव्हते. असा पदार्थ असेल तर दाखवा, असे त्याचे म्हणणे. तरीही मला वेल्सच जास्त प्रामाणिक वाटला. तो पदार्थ प्रथम तयार होतो, तेव्हा त्याच्यावरच्या हवेचेही वजन नाहीसे होते, ती कारंज्यासारखी वर उसळते, आसपासची हवा आत धावते आणि परिसरात वादळ उठते. थाप एकच, पण तिचे परिणाम वेल्स चुकवत नाही.

प्राध्यापक म्हणाले, "बरोबर. काल्पनिक यान बांधणाऱ्याला एक उसनवारी माफ. व्याज मात्र पै न् पै फेडायचे."

त्यावरून मला ती कथा आठवली. हसत हसत सांगितली. ते हसले नाहीत. "खरे अग्निबाण आपल्या या दिवाळीतल्या बाणासारखेच," ते म्हणाले. "दारू थोडा वेळ जळते, पुढचा प्रवास मिळालेल्या वेगावर. कारण इंधन वाहायलाही इंधन लागते. चंद्रावर माणसे नेणारे सॅटर्न-पाच उडताना सुमारे २,९०० टनांचे होते; परत आली ती साडेपाच टनांची कुपी. काशीयात्रेला निघालेल्याने वर्षाची शिधासामग्री हमालांच्या डोक्यावर द्यावी आणि निम्म्याहून अधिक शिधा हमालांनीच खावा, तसा प्रकार. पण समजा, या मुलीचे इंजिन अखंड चालते. यान पृथ्वीवरच्या गुरुत्वाइतक्या त्वरणाने वेग वाढवत गेले, तर आईचे पाय घरातल्यासारखे जमिनीवर टेकतील, आमटी वाटीत राहील. दीड दिवसाने वेग होईल सेकंदाला सुमारे १,२७० किलोमीटर. आता थांबायचे कसे? इंजिन क्षणभर बंद करायचे, यान उलटे फिरवायचे आणि तेवढाच जोर उलट दिशेने लावायचा. तीन दिवसांत साडेसोळा कोटी किलोमीटर होतात. मंगळ कधी साडेपाच कोटींवर असतो, कधी चाळीस कोटींवर. तिचा हिशोब चोख आहे हो!"

म्हणजे यानाने पाठ फिरवली ती थांबण्यासाठी. इंजिन बंद होताच वाटी तरंगली ती म्हणूनच. मुलीने एकच उसनवारी केली होती, न संपणाऱ्या इंधनाची. बाकी सारे व्याज एका आमटीच्या वाटीत फेडले होते. ज्या वाक्यावर सारी कथा उभी होती, त्यावरच मी लाल रेघ ओढली. आणि वर्गात मीच सांगतो, की लेखकाच्या शब्दावर आधी विश्वास ठेवा, मग शंका घ्या!

एव्हाना ती पदवी घेऊन गेली होती. तिच्या एका मैत्रिणीकरवी निरोप धाडला : चूक माझी होती, कथा पुन्हा पाठव. आठवड्याने उत्तर आले.

"सर, ते कागद आता नाहीत. दुसरी कथा लिहिते आहे. या खेपेला चार दिवस लागतील, मंगळ लांब आहे."

यंदाच्या अंकात सहा पाने मोकळी ठेवली आहेत. लाल शाईची दौत कपाटात आहे.